खुरासणीची बावीस पोती

१२ डिसेंबर १९१२, जव्हार

आज वर्तमानपत्र आले. आठ दिवसांपूर्वीचे. गहू चढला, जव चढला, जवसही चढले. खुरासणीचा, म्हणजे कारळ्याचा, एक शब्द नाही. विलायतेतल्या लोकांना आमच्या खुरासणीचे तेल चालते, तिची पेंड त्यांच्या गाईंना चालते, पण तिचा भाव छापायला यांच्याकडे दोन ओळींची जागा नाही. केसांच्या तेलाच्या जाहिरातीला मात्र अर्धे पान आहे.

तरी मी म्हणतो, जे गव्हाचे तेच खुरासणीचे. बाल्कनात लढाई पेटली आहे. रशियाचा माल अडकणार, युरोपला धान्य कमी पडणार, मग ते मुंबईकडे बघणार. गहू वर गेला की बाकीचे त्याच्या मागोमाग जातेच. हे मी आज भर बाजारात उत्तमशेठला समजावून सांगितले. उत्तमशेठ म्हणजे आसपासच्या सगळ्या पाड्यांची खुरासणी उचलणारा व्यापारी. मीठ आणि लुगडी देतो आणि पोती घेतो, वर्षानुवर्षे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बळवंतराव, तुम्ही अर्ज लिहा. अर्ज फार छान लिहिता तुम्ही."

तळपायाची आग मस्तकात गेली. चव्वेचाळीस वर्षांचा झालो. त्यातली वीस वर्षे त्याच्याच दुकानासमोरच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहितो आहे. "गरीब, लाचार, आज्ञाधारक" हे तीन शब्द मी जितक्यांदा लिहिले असतील तितक्यांदा रामनाम लिहिले असते तर मोक्ष मिळाला असता. पण मी वर्तमानपत्र वाचतो. शेठ वाचत नाही.

घरी येऊन ठरवले. या वर्षी दाभोशाच्या वरच्या पाड्याची खुरासणी मी स्वतः मुंबईला नेणार आणि थेट निर्यातीच्या भावाने विकणार. आमचे कुटुंब कुसुमावती म्हणाली, "करायचं तर करा, पण आपल्या मालावर करा." आपला माल कुठे आहे? आपल्याकडे दौत आणि बोरू आहे.

१५ डिसेंबर

पहाटे निघून पाड्यावर गेलो. पायांचे तुकडे पडले. पोश्याच्या अंगणात बावीस घरांची माणसे जमवली. पोश्या पाड्याचा म्होरक्या. चार वर्षांपूर्वी त्याचा मेहुणा फागू लाकूडतोडीच्या भानगडीत धरला गेला होता, तेव्हा मी पाच अर्ज लिहिले होते आणि तो सुटेपर्यंत लिहीतच राहिलो होतो. मोबदला एक कोंबडा. तोही म्हातारा. तेव्हापासून ही माणसे मला ओळखतात, आणि अहो-जाहो न करता सरळ "तू" म्हणतात. त्यांची रीतच आहे ती, त्यांना कोण काय सांगणार.

मी काठीने जमिनीवर नकाशा काढला. हा दाभोसा, ही मुंबई, हा समुद्र, हा युरोप, इथे लढाई. गहू कसा चढतो, जव कसा चढतो, त्यांच्या मागे खुरासणी कशी चढेल, सगळे समजावले. तासभर बोललो. इतके चांगले मी आजवर कधी बोललो नसेन.

बोलणे संपल्यावर पोश्याची आई सुकरी म्हणाली, "मुंबय किती दिसांची?"

मी म्हटले, गाडीवाटेने डहाणूरोड, तिथून आगगाडी, चार-पाच दिवस.

"नं परत?"

"परत येताना पोती नसतात, म्हणून लवकर."

"मानसां परत येतात?"

काय बोलायचे? मी युरोपाचा बाजार उलगडून दाखवतो आहे आणि ही म्हातारी मला वाटखर्चाचे विचारल्यासारखे विचारते आहे. भाव काय मिळेल, हा एक प्रश्न बावीस घरांतून कोणी विचारला नाही. पोश्या म्हणाला, "बगू." गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ती ही. पण गाढव निदान कान तरी हलवते.

१९ डिसेंबर

दिली! बावीसही घरांनी दिली!

पोश्या आणि फागू आज बाजाराला आले होते. माझ्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले. पोश्या म्हणाला, "तुझां ठरलां हाय ना, दादा?" मी म्हटले, ठरले आहे. "मग ने."

पुन्हा एकदा नफा समजावू लागलो तर फागू मध्येच म्हणाला, "मीठ घ्यायचां हाय, येतो." जाऊ दे. समजले नसते तर दिली असती का? नकाशा कामाला आला. साध्या माणसांना चित्र काढून दाखवले की कळते, हे मी पूर्वीपासून म्हणतो.

एक गोष्ट मात्र इथे लिहून ठेवतो. ही खुरासणी म्हणजे त्यांचे वर्षाचे मीठ आणि वर्षाचे कापड. भात आणि नागली खायला, खुरासणी विकायला. ती बुडाली तर होळीला पाड्यातल्या एकाही बाईच्या अंगावर नवे लुगडे येणार नाही आणि पावसाळ्यात आंबील अळणी प्यावी लागेल. हे मला पक्के माहीत आहे. कुसुमावतीने आठवण करून द्यायची गरज नव्हती. तिने दोनदा करून दिली.

२ जानेवारी १९१३, दाभोशाचा पाडा

मुंबईचे आडते त्रिभुवनशेठ यांचे माझ्या पत्राला उत्तर आले. भाव उत्तमशेठच्या भावाच्या जवळजवळ दीडपट! पण अट अशी की माल स्वच्छ हवा. माती, खडा, काडी नको. दुसऱ्या धान्याची मिसळ तर मुळीच नको. माल विलायतेला पाठवणाऱ्या गोऱ्या पेढीचा तपासनीस पोत्यागणिक बघतो.

म्हणून येऊन बसलो आहे. सगळी खुरासणी सुपात घेऊन पाखडायची, मग चाळायची, मग फडक्यावर पसरून हाताने निवडायची. बायका माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांना पाण्याची घडी घालायला सांगितले. फागी नावाची एक तोंडाळ सून आहे, ती म्हणाली, "दादा, आमची पोरां पन इतकी सोच्छ नाय." सगळ्या खिदळल्या. मी म्हटले, पोरे विलायतेला पाठवायची नाहीत, खुरासणी पाठवायची आहे.

तिसरी चाळणी झाल्यावर मी पुन्हा चौथी सांगितली. सुकरी उठली आणि चाळण घेऊन बसली. तिला बघून बाकीच्याही बसल्या. म्हातारीचा धाक मोठा आहे.

१० जानेवारी

आठ दिवसांनी काम उरकले. ओंजळीत घेतली की दाणे नुसते चमकतात, काळेभोर. एक काडी सापडेल तर शपथ. मी स्वतः सगळे ढीग तपासले. असा माल मुंबईच्या बंदराने पाहिला नसेल. घराचे एक, अशी बावीस पोती होतील.

पोत्यांसाठी सुतळी कमी पडली. उद्या जव्हारला जाऊन आणून देतो.

२४ जानेवारी, जव्हार

वर्तमानपत्रात काय, तर तह होणार. लंडनात बोलणी चालू आहेत. गहू घसरला. जव घसरला. त्रिभुवनशेठला पत्र टाकले, त्याचे उत्तर नाही. आता माल नेऊ की थांबू? नेला आणि पुढच्या आठवड्यात भाव चढला तर मूर्ख ठरणार, थांबलो आणि आणखी पडला तर महामूर्ख.

तह मोडावा अशी मी देवापुढे बसून प्रार्थना केली. मग ध्यानात आले, आपण माणसे मरावीत म्हणून मागतो आहोत. लाज वाटली. कुसुमावतीला सांगितले तर म्हणाली, "बाल्कन कुठं आहे ते देवाला तरी माहीत असेल का?" तिला कशाचेच गांभीर्य नाही.

७ फेब्रुवारी, पाडा

लढाई पुन्हा सुरू! आणि दोनच दिवसांनी त्रिभुवनशेठचे पत्र, "माल ताबडतोब आणा." परमेश्वर करो आणि या दोन वाक्यांचा संबंध माझ्या प्रार्थनेशी नसो.

दरबारातून माल राज्याबाहेर नेण्याचा दाखला तीन दिवसांत मिळाला. अर्ज मीच लिहिला होता.

पाड्यावर आलो तर पोती भरून, तोंडे शिवून तयार. शिवण अशी की शिंप्याने मान खाली घालावी. या लोकांनी एखादे काम सांगायच्या आधी केलेले मी पहिल्यांदा पाहिले.

८ फेब्रुवारी

दोन गाड्या निघाल्या. एकीवर फागू, दुसरीवर पोश्या, तेही डहाणूरोडपर्यंतच. पुढे मी एकटा. सगळा पाडा वाटेपर्यंत आला होता. काय गरज होती? उशीर होत होता. प्रत्येक बाईने प्रत्येक पोत्याला हात लावला. बावीस बाया, बावीस पोती. मी हिशेब केला, हात लावण्यात पाऊण तास गेला. सुकरी शेवटी माझ्यापाशी आली, मला वाटले आता भावाचे विचारेल. तर म्हणते, "दादा, जेवत जा." मी म्हटले, बरे.

१४ फेब्रुवारी, मुंबई

पोचलो. माल आगगाडीच्या धक्क्यावरून त्रिभुवनशेठच्या मशीद बंदरच्या वखारीत आला. बावीसच्या बावीस. जव्हारचा धोंडी चिंचपोकळीला गिरणीत आहे, त्याच्या खोलीवर उतरलो आहे. आठ माणसे, एक खिडकी.

त्रिभुवनशेठ गोड माणूस. चहा दिला. बाजाराचा रंग कसा आहे विचारले तर म्हणाला, "बळवंतभाई, बाजार म्हणजे पाणी छे." मी म्हटले, पण वर्तमानपत्रात तर गहू... तो म्हणाला, "गव्हाचं गहू जाणे." उद्या तपासनीस येणार.

१५ फेब्रुवारी

रागाने दोन बोरू मोडले, हा तिसरा.

तपासनीस आला. त्याने पोकळ लोखंडी सळई पहिल्या पोत्यात खुपसली आणि पांढऱ्या बशीत उलटी केली. मी छाती काढून उभा होतो. बशीत काळी खुरासणी पडली आणि तिच्यात लाल दाणे. मी वाकून पाहिले. नागली! दुसऱ्या पोत्यात सळई घातली, नागली. तिसऱ्या, चौथ्या, बाविसाव्या पोत्यात, नागली! माती नाही, खडा नाही, काडी नाही. चार-चार वेळा चाळून, हाताने निवडून मी जिला आरशासारखी केली, तिच्यात कुणीतरी मुठी मुठी नागली ओतून ठेवली!

तपासनीस इंग्रजीत काहीतरी पुटपुटला आणि गेला. त्रिभुवनशेठ कपाळाला हात लावून म्हणाला, "बळवंतभाई, आ तो मिसळ छे. गोरी पेढी मिसळ घेत नाही."

मी म्हटले, पण शंभरात दीड भागसुद्धा नसेल! तो म्हणाला, कचरा वेगळा, मिसळ वेगळी, करारात निराळी कलमे आहेत. करार मी मागितला. तो इंग्रजीत होता.

शेवटी त्याने मोठ्या मनाने माल स्वतःच्या नावावर ठेवून घेतला. भाव उत्तमशेठच्या भावाहून कमी. गाडीभाडे आणि आगगाडीचे भाडे वजा जाता जे हातात आले ते मी तीनदा मोजले. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे राहिले.

कोणी केले हे? का केले? वजन वाढावे म्हणून? इतकी का ती माणसे लबाड? की वेडी?

१७ फेब्रुवारी

आज वखारीत एक विचित्र प्रकार पाहिला. दुसऱ्या कुणाची स्वच्छ खुरासणी जमिनीवर ओतली होती आणि दोन हमाल तिच्यात टोपलीने माती मिसळत होते. मी ओरडलो, अरे हे काय करता! मुकादम हसायला लागला. म्हणाला, "करारात शंभराला चार भाग कचरा धरलेला असतो, काका. तेवढा कापूनच पैसे देतात. मग चार भाग कचरा घातला नाय तर आपलं नुकसान नाय का?"

म्हणजे स्वच्छ मालाला एक पै जास्त मिळत नाही! आठ दिवस बावीस घरांच्या बायकांचे डोळे मी कशासाठी फोडले? त्रिभुवनशेठच्या पत्रात तर स्पष्ट लिहिले होते. त्याला विचारले तर म्हणाला, "स्वच्छता देवाला आवडे."

संध्याकाळी गोऱ्या पेढीच्या खटाऱ्यावर काही पोती चढताना दिसली. शिवण अगदी आमच्या पाड्याच्या शिवणीसारखी. पण ती दुसरी असणार. गोरी पेढी मिसळ घेत नाही.

१९ फेब्रुवारी

त्रिभुवनशेठने नोकरी देऊ केली. देशावरून येणारी मराठी आणि मोडी पत्रे वाचायची, उत्तरे लिहायची. महिना तीस रुपये. म्हणाला, "तमे सारू लिहिता, बळवंतभाई." हा दुसरा शेठ, ज्याला माझे अक्षर आवडते.

मी नाही म्हटले नाही.

खरे ते इथे तरी लिहावे. परत जाऊन त्या अंगणात उभे राहायची माझी छाती नाही. नकाशा काढून दाखवला होता. त्यांना काय सांगू? तीस रुपये म्हणजे लहान गोष्ट नाही. पोश्याचे पैसे मनिऑर्डरने पाठवता येतील. कुसुमावतीला बोलावून घेता येईल. जव्हारात माझी वाट कोण बघते आहे? ओटा आहे, त्यावर उद्या दुसरा कोणी बसेल. धोंडी म्हणतो, इकडे आलेला माणूस पहिले तीन महिने जायचे म्हणतो, मग म्हणत नाही.

२ मार्च

काम बरे आहे. गादीवर बसायचे, पंखा आहे. इथे सगळ्या गावांची पत्रे येतात आणि सगळ्यांत एकच प्रश्न, पुढे भाव काय राहील. शेठ सगळ्यांना एकच उत्तर लिहायला सांगतो, "भाव चढता आहे, माल स्वच्छ करून ताबडतोब आणा." बाजार काल पडला तरी हेच. त्याला बाजाराचा फार अनुभव आहे, त्याला पुढचे दिसत असेल.

पण मला ती नागली सुखाने बसू देत नाही. जेवताना आठवते, लिहिताना आठवते. धोंडीने परवा नागलीची भाकरी केली आणि मी ताटावरून उठलो. कोणी घातली? एकाच्या घरात झाले असते तर म्हटले असते चूक. बावीसच्या बावीस पोत्यांत! सगळी मिळून किमान पाच-सहा पायल्या नागली असेल. ज्यांच्याकडे पावसाळ्यात नागली पुरत नाही त्यांनी पाच-सहा पायल्या फुकट घालवल्या! लबाडी म्हणावी तर लबाडीत कोणी स्वतःचे खायचे धान्य घालतो? माती घातली नसती का? काही अर्थच लागत नाही, आणि अर्थ लागला नाही की मला ताप येतो.

११ मार्च

पोश्याला खडसावून पत्र लिहिले. चार पाने. कोणी घातली, का घातली, कोणाच्या डोक्यातून निघाले, सविस्तर कळवावे. पाकीट बंद केले, पत्ता घातला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पोश्याला पत्र आले की तो ते माझ्याकडे घेऊन येतो. त्या पाड्याची पत्रे वाचून दाखवणारा सगळ्या जव्हारात एकच माणूस आहे आणि तो इथे मशीद बंदरला गादीवर बसला आहे!

पाकीट फाडून टाकले. एक आणा वाया.

१५ मार्च

आता सहन होत नाही. शेठला सांगितले, चार दिवस जाऊन येतो, एक गोष्ट विचारायची आहे. शेठ म्हणाला, "एक गोष्ट विचारायला इतके लांब?" मी म्हटले, हो. तो म्हणाला, होळीनंतर जागा दुसऱ्याला देईन. मी म्हटले, त्याआधी येतो. बिऱ्हाड धोंडीकडेच ठेवले आहे. वखारीतून खाली सांडलेले मूठभर दाणे फडक्यात बांधून घेतले, पुरावा म्हणून. काळ्यात लाल स्पष्ट दिसतात. ही पुरचुंडी मी सुकरीच्या नाकासमोर धरणार आहे.

१८ मार्च, जव्हार

घरी आलो. कुसुमावतीने दार उघडले आणि आत जाऊन पाणी तापत ठेवले. मग चुलीपाशी बसून बराच वेळ डोळे पुसत होती. धूर फार झाला होता.

म्हणाली, दर बाजाराला पाड्याचे कोणी ना कोणी येऊन दारात उभे राहायचे. कधी फागू, कधी पोश्या, दोनदा ती म्हातारी, इतके चालत. मी म्हटले, भाव विचारत असतील. ती म्हणाली, "भावाचं कुणी विचारलं नाही. आला का, एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की जायचे."

कमाल आहे. वर्षाचे मीठ माझ्या हाती दिले आणि भाव विचारत नाहीत. म्हणून तर या लोकांना उत्तमशेठ लुटतो.

मी तिला सांगितले, पाड्यावर जाऊन आलो की मुंबईला परत जायचे आहे. ती "बरं" म्हणाली आणि माझी मुंबईची पिशवी उचलून माळ्यावर, अगदी वर, ठेवली. काढायला शिडी लागेल.

२० मार्च, पाडा

होळी दोन दिवसांवर. पाड्यावर पोचलो तेव्हा पोरे लाकडे गोळा करीत होती. मला बघून एक पोर ओरडत पळाले आणि मी अंगणात पोचायच्या आत सगळी माणसे जमली. मनात घोकून आलो होतो, आधी पैसे, मग नागली.

पैसे पोश्यापुढे ठेवले. काय झाले ते सांगितले. काही लपवले नाही. उत्तमशेठच्या भावापेक्षाही कमी आले, हेसुद्धा नाही. पोश्याने पैसे बघितले, घरांप्रमाणे वाटण्या घातल्या. मीठ पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पुरेल. कापडाला काही उरले नाही. फागीने तिचे जुने लुगडे दोन्ही हातांनी पुढे धरून बघितले, कुठे ठिगळ लावता येईल ते, आणि माझ्याकडे बघायचे टाळले. हिची जीभ आज चालली असती तर बरे झाले असते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मेल्यासारखे झाले की मला राग येतो. मी पुरचुंडी सोडली आणि ओरडलो, "आणि हे कोणी केले? ही नागली कोणी घातली?"

सगळ्यांनी वाकून दाणे बघितले. मग सुकरी म्हणाली, "आमी समद्यांनी."

"का?"

"तुझ्या सोबतीला."

मला काही कळेना. ती मला, लहान पोराला सांगावे तसे, सांगू लागली. त्यांच्यात घरचा माणूस लांब जायला निघाला की त्याच्या ओझ्यात घराघरची मूठ घालतात. घरचा दाणा माणसाला मागे ओढतो. मी एकटा मुंबईला जाणार होतो. ओझे बावीस पोत्यांचे, घरे बावीस. म्हणून प्रत्येक घराने प्रत्येक पोत्यात एकेक मूठ घातली. मी सुतळी आणायला गेलो होतो तेव्हा.

"माझा माघ्या गेला तवां घातली नाय," ती म्हणाली. "मुकादम घाई करं. वझां पन नव्हतां त्याच्यापाशी. पाच वरसां झाली."

माघ्या म्हणजे पोश्याचा धाकटा भाऊ. तो मुंबईला बंदरावर कामाला गेला आणि आला नाही, हे मला आज कळले. चार वर्षे मी यांची पत्रे वाचतो आहे. त्याचे एकही आले नाही, म्हणून मला माहीत नाही.

इथे मी थांबायला हवे होते. पण माझा स्वभाव! मी म्हटले, "अगं बाई, पण त्या मुठींनी भाव बुडाला! तुमची लुगडी त्या मुठींत गेली! युरोपात कोणी..."

"तू आलास ना?" ती म्हणाली.

"आलो ना! पण मी काय राहायला आलो आहे? मला तिकडे तीस रुपयांची नोकरी आहे, गादी आहे, पंखा आहे! मी येणारच नव्हतो! ही नागली कोणी घातली एवढे विचारायला फक्त आलो! या नागलीने मला महिनाभर जेवू दिले नाही, एवढ्यासाठी इतक्या लांबून आलो मी!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग फागू हसायला लागला. मग पोश्या, आणि पोश्याला मी कधी हसताना पाहिले नव्हते. मग सगळे अंगण हसू लागले, बाया, पोरे, ती फागीसुद्धा, लुगडे हातात तसेच. पोश्या डोळे पुसत म्हणाला, "तेच तां, दादा. तेच तां." सुकरी एकटी हसली नाही. ती उठून जवळ आली, माझे मनगट दाबून बघितले आणि म्हणाली, "बारीक झालास. जेवला नाय." आणि भाकरी टाकायला आत गेली.

होळी झाल्याशिवाय जाऊ देणार नाहीत म्हणे. म्हणजे मुंबईची जागा गेली. माणसांच्या मीठ-कापडाचे वाटोळे झाले आहे आणि ही अजून बाहेर खिदळत आहेत, भाकरीचे ताट माझ्यापुढे येऊन पडले आहे आणि मला भूकही सपाटून लागली आहे. पण यात हसण्यासारखे काय होते, ते मला अजून कळलेले नाही.